माया सारखी सोड

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो चष्मा लावून, मोठे करून दोनदा पाहिले. गोधडीचा वरचा काठ ५४½ इंच आणि खालचा ५३ च्या जरा वर. चौकोनाचा कोपरा शेजारच्या कोपऱ्याला भेटत नाही. मधल्या ओळीला पोट सुटलंय. आणि एवढ्यावरून तू निकाल दिलास की बाबांकडच्या आजीचं शिलाईचं हातमशीन म्हातारं झालं. अंगण वाकडं नाही, बाबा.

मामेभाऊ म्हणतो कॉम्प्युटरवालं मशीन घे. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर बसवून देतो. त्या कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या की खरी गोधडी हातानंच शिवतात, मशीन म्हणजे लबाडी. तिघांनी तीन वाटा दाखवल्या आणि तू चौथीवर, म्हणजे पलंगावर, आडवा झालास. आता सगळं उसवून टाकू का विचारतोस. उसवू नकोस. आधी हिशेब कर.

तू चौकोन ५ इंचांचे कापलेस. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच गेलं की शिवून उरतो साडेचार. एका ओळीत १२ चौकोन, म्हणजे ५४. कडेचे दोन पाव मोकळे राहिले, म्हणून ५४½. वरची ओळ तू बरोबर शिवलीस. खालच्या ओळीला प्रत्येक शिवणीत तुझ्याकडून अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेलं. अर्धं सूत! नजरेला दिसतसुद्धा नाही. पण शिवण दोन्ही तुकड्यांतून खाते, म्हणजे दर जोडाला एक सूत, आणि ओळीत जोड अकरा. अकरा सूत म्हणजे जवळजवळ दीड इंच. तुझा हरवलेला दीड इंच हा असा गेला. मशीनचा त्यात काय दोष?

सूत म्हणजे काय हे तुला सांगायला लागू नये. आजोबा फर्निचर करायचे तुझे. इंचाचे आठ सूत. तुकडे जोडताना त्यातले दोन शिवणीबाहेर सोडायचे. या सोडलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात हे तुला ठाऊक आहे, आणि त्या शब्दावर गोड-गोड बोलणारेही तुला भेटले असतील. मी त्यातली नाही. माया ही पट्टीनं मोजायची गोष्ट आहे. दोन सूत तर दोन, तीन तर तीन, पण पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सारखी. माया सारखी सोड. बाकी मला फारसं काही येत नाही, पण चाळीस वर्षांत एवढं पटलंय.

आता ती सारखी राहत नाही ती का, ते सांगते. हातमशीनवर उजवा हात हँडलवर अडकलेला असतो. कापड सांभाळायला उरतो एकटा डावा. नवखा माणूस काय करतो, तर डाव्या हातानं कापड मागून ओढतो. ओढायचं नाही. खालचे दात कापड नेतात, तुझ्या हातानं फक्त वाट दाखवायची. हँडलच्या एका फेऱ्याला साधारण तीन टाके पडतात. तुझ्या व्हिडिओत तू हँडल असं फिरवतोस जसं उसाच्या गुऱ्हाळावर नोकरीला आहेस. एक फेरा, तीन टाके, डोळे सुईवर नाही, कापडाच्या कडेवर. थांबायचं तर सुई कापडात रुतवून थांब.

दुसरं म्हणजे, मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या कडेवर विसंबू नकोस. त्या जुन्या पायाची कडा सुईपासून दोन सूत नसते, कमीच असते. पायाखाली पट्टी ठेव, हातानं चाक फिरवून सुई पट्टीच्या पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकव, आणि पट्टी जिथे संपते तिथे पाट्यावर चिकटपट्टीचे सात-आठ थर एकावर एक चिकटव. किंवा जुना खेळायचा पत्ता कापून लाव. कापडाची कड त्या भिंतीला घासत गेली पाहिजे. तुझ्या मशीनच्या पाट्यावर सुईच्या उजवीकडे स्क्रूची छिद्रं दिसतायत ना? ती कशासाठी आहेत म्हणून तू विचारलं होतंस. अशीच लोखंडी आडकाठी बसवायला. ज्यांनी मशीन बनवलं त्यांनाही माहीत होतं की माणसाच्या डोळ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

मग परीक्षा घे. कापडाची नाही, स्वतःची. दीड-दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काप, एकीला एक जोड, इस्त्री कर आणि मोज. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे, तिन्ही मिळून साडेतीन. मधली सूतभर कमी भरली तर भिंत केसभर आत सरकव, जास्त भरली तर बाहेर. पुन्हा तीन पट्ट्या. मी नव्या मुलींना हे करायला सांगते तेव्हा त्या तोंड वाकडं करतात, 'एवढं कशाला काकू' म्हणतात आणि थेट चौकोन कापायला बसतात. महिन्याभरानं तुझ्यासारखे फोटो पाठवतात. तूही तेच करणार होतास, हो म्हण.

इस्त्रीचं एक. इस्त्री ठेवायची, उचलायची, ठेवायची. धोतरावर फिरवतात तशी ओढायची नाही, त्यानं तुकडा ताणतो. एका ओळीतल्या सगळ्या शिवणी डावीकडे पाड, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे. मग ओळी जोडताना शिवणीला शिवण अडते आणि कोपरे आपोआप भेटतात. आणि त्रिकोण इतक्यात करू नकोस. त्रिकोणाची एक कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, येते आणि उरेब कड हात लागला तरी ताणते.

मशीन जड का फिरतंय तेही सांगते. आजीनं त्यात खोबरेल घातलं असणार. आमच्या पिढीत सगळ्यांनी घातलं, घरात तेच असायचं. थंडी पडली की खोबरेल बाटलीत गोठतं, तसंच मशीनच्या सांध्यात गोठतं, आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा चिकट राप होतो. रॉकेल मिळालं तर (आता तेही दुर्मीळ) सांध्यात थेंब-थेंब सोड, पाय वर करून, दोरा काढून भरपूर फिरव, काळं पाणी पुसून घे, मग पातळ मशीनचं तेल. सोनेरी नक्षीवर स्पिरिट मात्र लावू नकोस, नक्षी बोळ्याबरोबर निघून येईल. सुई नवी घाल. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या अंगानं ओवायचा. तू उलटा ओवलायस, म्हणून टाके गळतात. आणि बॉबिन भरताना चाकाच्या मधली चकती ढिली कर म्हणजे सुई उगाच वर-खाली नाचणार नाही.

तू मशीनचं वय विचारलंस. पाट्यावरचा नंबर अक्षरानं सुरू होतो, म्हणजे ते १९०० किंवा त्यानंतरचं. सिंगरवाले त्याआधी नुसते आकडे टाकायचे. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला त्यांचा प्रचंड कारखाना होता, १९८० साली तो बंद पडला. कारखाना गेला आणि तिथली मशीनं आपल्याकडे माळ्यावर, पलंगाखाली अजून जिवंत आहेत. त्यात एकच टाका आहे, सरळ. तुला दुसरा लागतोय कशाला?

मोटर बसवू नकोस. हे मी ज्ञान पाजळत नाहीये, मी बसवली होती. आईचं हातमशीन माझ्याकडे आलं तेव्हा मुलं लहान होती, शेजारणींची ब्लाउजं शिवून घर चालायला हातभार लागत होता, आणि दिवसाला चार ब्लाउजं हँडलवर होत नाहीत. तुला आज मोकळा वेळ आहे म्हणून हातमशीनचं कौतुक सुचतं. मला तेव्हा दूधवाल्याचे पैसे सुचायचे. तेव्हा मोटर लावली ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. चूक पुढे झाली. मोटरीच्या वेगाची सवय लागली आणि मी गोधड्याही त्याच वेगानं शिवायला लागले. सुईखाली कापड पळत होतं आणि माया कधी दीड सूत, कधी अडीच. हँडलवर जी चूक तीन टाक्यांत कळते ती मोटरीवर वीतभर गेल्यावर कळते. पुढे एका दुकानात 'जुनं द्या, नवं न्या' म्हणून ते मशीनही दिलं. तीनशे रुपये धरले त्याचे. दुकानदारानं उचललं तेव्हा लाकडी झाकण माझ्याच हातात राहिलं होतं. मी आत जाऊन ते परत नेऊन दिलं. ठेवून घ्यायला काय झालं होतं मला?

जाऊ दे.

कार्यशाळेतल्या बाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यांनी कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंदीचं, म्हणजे त्यांच्या गोधडीचं, उदाहरण दिलं ना? फार सुंदर असते ती. पण ती शिवतात कशी ते नीट बघ. तिथे जुन्या लुगड्याच्या थरावर तुकडा ठेवतात, कड आत दुमडतात आणि धावदोरा घालत कडेकडेनं मध्याकडे सरकतात. चारी कोपऱ्यांत त्रिकोणी घड्यांची कापडी फुलं हवीतच. तिथला तुकडा खालच्या थराला धरून राहतो. तुझा तुकडा शेजारच्या तुकड्याला धरून राहतो, दोघांच्या मध्ये दोन सूत कापड आणि एक शिवण, एवढाच आधार. म्हणून त्या बायका मायेचा हिशेब करत नाहीत आणि तुला केल्यावाचून गत्यंतर नाही. लबाडी कसली? वरचा थर मशीनवर जोड. मग खाली आस्तर, मध्ये जुनं धोतर किंवा लुगडं, मोठ्या टाक्यांनी टाचून घे आणि सगळ्या थरांतून हातानं धावदोरा घाल. तसंही तुझ्या त्या छोट्या मशीनच्या कमानीत सुईच्या उजवीकडे वीतभरही जागा नाही. तीन थरांची गुंडाळी त्यात कोंबशील तर ओळ वाकडी जाईल आणि परत मशीनलाच शिव्या देशील.

आता आजीचं ते राहिलेलं लुगडं. 'कापायला धीर होत नाही' असं लिहिलंयस. बरं झालं.

आई गेली १९९४ मध्ये. तिची दोन सुती लुगडी माझ्याकडे आली. आम्ही तिघी बहिणी, प्रत्येकीला एकेक गोधडी करायची असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. लुगडं नऊ वार असतं खरं, पण नेसून-नेसून कासोट्याचा भाग विरलेला असतो. तो सोडला तर कापड किती उरतं? दोन गोधड्यांपुरतंच उरलं. नवं कापड मिसळायचं मला नको होतं. मग मी मायेत कापलं. दोन सुतांच्या जागी एक. कागदावर मांडून पाहिलं आणि तिसरी गोधडी बसली, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

पहिल्याच पावसाळ्यानंतर मधल्या बहिणीनं तिची धुतली. जुनं सूत, एक सूत माया. शिवणीतून धागे निसटले आणि चौकोन हातात आले. तिनं ती पिशवीत घालून माझ्याकडे पाठवली. चिठ्ठी नाही, फोन नाही. मी आजही म्हणते की माझा हेतू वाईट नव्हता, तिघींना सारखं मिळावं एवढंच मला हवं होतं, कंजूषपणा केला असं कुणी म्हणायचं कारण नाही. पण खरं सांगायचं तर दोन चांगल्या गोधड्या करून तिसरीची क्षमा मागणं हा मार्ग मला सुचला होता. मला तो नको होता, कारण मग 'तिघींच्या' म्हणून मिरवता आलं नसतं. ती पिशवी माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. त्या तुकड्यांना आता कुठल्याच बाजूनं माया उरलेली नाही, नव्यानं जोडायलाही काही धरता येत नाही.

म्हणून आजीच्या लुगड्याला दोन नाही, तीन सूत सोड. जुनं कापड उसवायला टपलेलं असतं. तुकडे कमी पडतील, पडू देत. मांजरपाट आण, आधी भिजवून, आटवून, वाळवून घे आणि मध्ये-मध्ये घाल. कुणी म्हणालं की ही निव्वळ आजीची गोधडी नाही, तर नाही म्हणावं. विरलेल्या भागाला उजेडात धरून बघ. पलीकडची खिडकी दिसली तर तो तुकडा वर घेऊ नकोस, मधल्या थरात घाल. आणि तीन ठरलं की शेवटपर्यंत तीन. एका ओळीत तीन, कंटाळा आला म्हणून पुढच्या ओळीत दोन, असं केलंस तर मला फोटो पाठवू नकोस.

फोटोतल्या गोधडीचं काय करायचं? खालच्या चार ओळींतले जोड तेवढे उसव, बाकी राहू दे. जोड उसवताना दर चौथा टाका काप आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढ, अख्खी शिवण सुटते. ब्लेड वापरू नकोस, डावा अंगठा अजून लागणार आहे.

आधी तीन पट्ट्या शिवून मधली मोज आणि आकडा कळव. इंच भरेपर्यंत लुगड्याला कात्री लावायची नाही. दिवाळीत येशील तेव्हा मशीन आणायची गरज नाही, बॉबिन बसते ते होडीसारखं शटल तेवढं आण, त्याची दोरा दाबणारी पट्टी मला हातात घेऊन पाहायची आहे. फडक्यात गुंडाळून खिशात ठेव. बॅगेत टाकलंस तर हरवशील.

तुझी,
मावशी