हेन्री फोर्डचा भागीदार जेम्स कझन्स पुढे राजकारणात कसा गेला?

कझन्सचा जन्म १८७२ चा, कॅनडातला. डेट्रॉइटमध्ये तो एका कोळसा व्यापाऱ्याकडे कारकून होता. १९०३ मध्ये मालकाने फोर्डच्या नव्या कंपनीत पैसे घातले, तेव्हा यानेही उसनवारी करून भाग घेतले. बहिणीनेही १०० डॉलर दिले. १९१९ मध्ये तिला त्याचे अडीच लाखांहून जास्त मिळाले!

हिशेब, विक्री, डीलर सगळं कझन्स बघायचा. १९१४ मध्ये कंपनीने कामगारांना दिवसाला पाच डॉलर मजुरी सुरू केली, त्याचं श्रेय एकट्या फोर्डला देतात, ते मला अन्यायाचं वाटतं. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धावरून फोर्डशी बिनसलं आणि त्याने राजीनामा दिला.

मग डेट्रॉइटचा पोलीस आयुक्त, महापौर आणि १९२२ पासून सिनेटर. महापौर असताना त्याने ट्राम शहराच्या मालकीची केली. सिनेटमध्ये धनिकांच्या करसवलतींवरून अर्थमंत्री मेलन यांना धारेवर धरलं, तर त्यांच्या खात्याने यालाच सुमारे एक कोटी डॉलरच्या कराची नोटीस धाडली. तो लढला आणि जिंकला. उलट त्यानेच कर जास्त भरल्याचं निघालं! पुढे मिशिगनच्या मुलांसाठी त्याने एक कोटी डॉलर दान केले.

१९३६ मध्ये रिपब्लिकन असूनही डेमोक्रॅट रूझवेल्टना उघड पाठिंबा दिला, पक्षाची उमेदवारी गमावली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तो वारला.