मागण्या पटत नसताना सहानुभूती

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील सफाई कामगारांनी साप्ताहिक सुट्टी आणि पगारवाढ यांसाठी काम बंद ठेवले आहे. मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते. परंतु त्यांनी मागितलेली पगारवाढ अवाजवी वाटते. अशी सहानुभूती खरी म्हणावी का?
– एक वाचक, परळ

उत्तर : अवश्य म्हणावी. दुसऱ्याच्या हालांनी मन कळवळणे आणि त्याची प्रत्येक मागणी मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याच शहराने हे एकदा दाखवून दिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाच्या ‘तलवार’ या तळावरील खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला आणि तो लवकरच बंदरातील जहाजांवर पसरला. वल्लभभाई पटेलांसारख्या नेत्यांना हा मार्ग पसंत नव्हता. त्यांनी शरण जाण्याचाच सल्ला दिला. तरीही खलाशांची उपासमार होऊ नये म्हणून सामान्य मुंबईकर खाण्याचे जिन्नस घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशी गेले, आणि २२ फेब्रुवारीला गिरणी कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम बंद ठेवले. त्या दिवसांतील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे दगावली. खलाशांची प्रत्येक मागणी तपासून मगच ही माणसे रस्त्यावर उतरली असतील, असे मला वाटत नाही.

मात्र सहानुभूतीपायी आपण स्वतः काय सोसायला तयार आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारलेच पाहिजे. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घातले, तेव्हा त्यांची स्वतःची चूलही त्याच पैशांवर अवलंबून होती. (याच बायकांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.) आपल्याला तर काही दिवस जिन्यातील कचरा स्वतः खाली नेण्याइतकेच सोसायचे आहे.

संस्थेच्या सभेत साप्ताहिक सुट्टीच्या मागणीला उघड पाठिंबा द्यावा, पगाराच्या आकड्याविषयी आपले मत प्रामाणिकपणे मांडावे, आणि संपकऱ्यांच्या जागी बदली माणसे आणण्याचा ठराव आला तर त्याला विरोध नोंदवावा. दिवाळीला कपडे आणि मिठाई देऊन हा प्रश्न मिटवता येईल, असे काही सभासद सुचवतील. ते मान्य करू नये, कारण कामगारांनी हक्काची सुट्टी मागितली आहे. आणि सभेपूर्वी त्यांच्यापैकी एकदोघांना भेटून त्यांचा महिन्याचा खर्च कसा भागतो, हे विचारून घ्यावे. कदाचित पगारवाढीविषयीचे आपले मतही त्यानंतर बदलेल.