उत्तर: बिझनेस कॅल्क्युलस की रेग्युलर?

तू लिहिलंयस की डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढता येतो पण 'नफा जास्तीत जास्त कधी' विचारलं की पेन अडतं, आणि तुमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसने सांगितलंय की कुठलाही कॅल्क्युलस घ्या, दोन्ही सारखेच. हे दुसरं वाचून राहवलं नाही. मलाही अगदी हेच सांगितलं होतं.

सारखे नसतात ते. बिझनेसवाल्यात सहसा साइन-कोसाइन येतच नाही, लिमिट वरवर होतं, इंटिग्रेशन सोप्या प्रकारांवर आटोपतं. मार्केटिंग, मॅनेजमेंटला तेवढं पुरतं. पण तुला इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स करायचंय, तिकडे बऱ्याच ठिकाणी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस (एकापेक्षा जास्त चलांचा) आणि लिनियर अल्जिब्रा मागतात, आणि मल्टिव्हेरिएबलला बसायला आधी रेग्युलर झालेला लागतो. मी बिझनेसवाला केला, चांगले मार्क घेऊन पुढच्या कोर्सला नाव द्यायला गेलो तर ज्या ऑफिसने चालेल म्हणून सांगितलं त्यांनीच हा चालत नाही म्हणून फॉर्म परत केला, मॅथ्सवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले आधी तुमच्या ऑफिसचं पत्र आणा, ऑफिस म्हणे असं पत्र आम्ही देतच नाही. सांगणारा माणूस तोवर बदललेला, लेखी काहीच नाही. सगळा कोर्स पहिल्यापासून, टर्म वाया आणि फी वेगळी. अजून संताप होतो, कारण एका ओळीचं बरोबर उत्तर द्यायला त्यांचं काय जात होतं? तेव्हा आजच ईमेल कर, कोर्सचा कोड टाकून सरळ विचार की हा करून मल्टिव्हेरिएबलला बसता येईल का. आणि विचार मॅथ्स डिपार्टमेंटला, तुमच्या ऑफिसला नाही. नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे वेगळे असतात, माझं ऐकून परस्पर फॉर्म भरू नकोस.

आता वर्ड प्रॉब्लेम. माझ्या मते गणित कच्चं नसतं, गणित मांडलेलंच नसतं. समज किंमत = १०० − २ × नग, खर्च = ५० + २० × नग. उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले नग, म्हणजे १०० × नग − २ × नगांचा वर्ग. त्याचा डेरिव्हेटिव्ह १०० − ४ × नग, हा मार्जिनल रेव्हेन्यू, म्हणजे आणखी एक नग विकून वाढणारं उत्पन्न. मार्जिनल कॉस्ट, म्हणजे आणखी एक नग बनवायचा खर्च, २०. पुढच्या नगातून मिळणारं त्याच्या खर्चाइतकं झालं की थांबायचं, म्हणून दोन्ही सारखे केले की नग २०, किंमत ६०, नफा ७५०. बरेच जण इथे किंमतच मार्जिनल कॉस्टइतकी धरतात, मग नग ४० येतात आणि ५० चा तोटा होतो. ते परफेक्ट कॉम्पिटिशनमध्ये (भरपूर विक्रेते, एकच बाजारभाव) चालतं, कारण तिथे तुझ्या विक्रीने किंमत हलत नाही. इथे एक नग जास्त विकायला सगळ्याच नगांची किंमत उतरवावी लागते. आणि ५० चा फिक्स्ड कॉस्ट (नग कितीही असले तरी होणारा खर्च) डेरिव्हेटिव्हमध्ये गायब होतो, म्हणून भाडं वाढलं तरी किती नग बनवायचे ते बदलत नाही (धंदा बंदच करावा लागला तर गोष्ट वेगळी). हे एकदा पटलं की पुढचं निम्मं मायक्रोइकॉनॉमिक्स सोपं जातं.

जाता जाता, त्याच बिंदूवर इलॅस्टिसिटी (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते) काढून बघ, उणे १.५ येते. मग किंमतीतला मार्जिनल कॉस्टच्या वरचा हिस्सा, ६० पैकी ४०, म्हणजे दोन तृतीयांश, बरोबर १ भागिले १.५. उत्तर तपासायला परीक्षेत हे फार कामी येतं. लॅग्रांजला (बजेटसारखी मर्यादा असताना जास्तीत जास्त काढायची रीत) आलास की त्यातल्या लॅम्डा या अक्षराचा अर्थ प्रत्येक वेळी शब्दांत लिही, बजेट एका रुपयाने वाढलं तर युटिलिटी (मिळणारं समाधान) साधारण किती वाढेल ते तो सांगतो, आणि शिकवणारे नेमकं तेच घाईत उरकतात.

ईमेलला उत्तर आलं की इथे टाक. सिलॅबसही टाक, ट्रिग (साइन-कोसाइन) आहे की नाही बघून सांगतो.