चरित्र आणि आत्मकथन यांना एकाच पुरस्कारात तोलतात का?

पूर्वी सर्रास तोलायचे, आता वेगळं करण्याकडे कल आहे. अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराचंच बघा. चरित्राचा पहिला पुरस्कार 1917 मध्ये कवयित्री ज्युलिया वॉर्ड हाऊ यांच्या चरित्राला मिळाला आणि ते लिहिलं होतं त्यांच्याच मुलींनी! पुढे शंभरहून अधिक वर्षं चरित्र आणि आत्मचरित्र एकाच रांगेत होते. 2023 पासून आत्मकथनाला स्वतंत्र पुरस्कार आहे. मला हे अगदी योग्य वाटतं. चरित्रकार पत्रं, दप्तरं, साक्षी तपासत वर्षं घालवतो. आत्मकथनकाराचा कस लागतो तो आठवणींशी प्रामाणिक राहण्यात. दोघांना एकच फूटपट्टी लावली की कुणावर तरी अन्याय होतोच.

अमेरिकेतल्या समीक्षकांची संघटना, नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल, हीसुद्धा दोन्हींना वेगळे पुरस्कार देते. ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठाचा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार 1919 पासून चालू आहे, त्यात चरित्राचाही एक असतो. त्यात साहित्याचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी पुस्तकं वाचून निवड करतात, म्हणून माझा त्यावर विशेष भरवसा. ब्रिटनमधलाच कोस्टा हा पुस्तकांचा पुरस्कार मात्र 2022 मध्ये बंद झाला, त्याबरोबर त्यातला चरित्राचा पुरस्कारही गेला. फार वाईट झालं.