घोडे, डोंगर आणि धाकटी मंडळी : वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या आपल्या वाचकांची पत्रं सुरू होतात. या वेळी बहुतेकांचा विषय एकच आहे : लहान मुलांना घेऊन कोलोरॅडो, वायोमिंग किंवा मोंटानातल्या गेस्ट रँचवर आठवडाभर जावं का? ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर डोंगरातली घोड्यांची रँच, लाकडी केबिन, बहुतेक ठिकाणी रविवारी दुपारी पोचायचं आणि शनिवारी सकाळी निघायचं. राहणं, तिन्ही वेळचं जेवण आणि रोजची घोडेस्वारी एकाच दरात. या रँचवाल्यांची संघटना १९२६ पासून आहे, म्हणजे धंदा जुना आणि नियमही मुरलेले. ते नियम पैसे भरल्यावर वाचले की पंचाईत होते.

प्रश्न : आमची मुलं सात आणि तीन वर्षांची. दोघांनाही मजा येईल अशी रँच कशी निवडायची? – प्लेनो, टेक्सस

निवड धाकट्याच्या वयावरून करा, थोरल्याच्या नाही. डोंगरवाटेवरच्या स्वारीला बहुतेक रँच सहा किंवा सात वर्षं पूर्ण झालेलं मूलच घेतात, काही ठिकाणी आठ. यात विम्याचा भाग आहे, पण खरं कारण शरीराचं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचे पाय खोगिराच्या कडेला टेकतात, घोड्याच्या पोटाशी जातच नाहीत, त्यामुळे घोडा दचकला तर धरून राहायला काही उरत नाही. त्या वयाच्या मुलांना कुंपणाच्या आत फिरवतात, दोर रँग्लरच्या (घोडे सांभाळणाऱ्या माणसाच्या) हातात, वेळ दहा-वीस मिनिटं. ‘मी पुढ्यात घेऊन बसतो’ हे चालत नाही. खोगीर एकासाठीच असतं, आणि पडताना मोठ्या माणसाचं वजन मुलाच्या अंगावर येतं.

म्हणून बुकिंगच्या आधी फोन करा आणि एकच गोष्ट खोदून विचारा : सकाळी नऊ ते बारा माझं तीन वर्षांचं मूल कुठे असेल आणि कोणाबरोबर? चांगल्या रँचवर तीन वर्षांपासून मुलांचा वेगळा गट असतो. त्यांना सांभाळणारी मंडळी कॉलेजच्या वयाची असतात. एका सांभाळणाऱ्यामागे किती मुलं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, दुपारच्या झोपेची सोय कुठे, मूल डायपरमध्ये असेल तर घेतात का, हे सगळं विचारा. शेवटच्या मुद्द्यावर बऱ्याच ठिकाणी नकार येतो. तीन वर्षांखालच्या मुलाला राहायला पैसे लागत नसले तरी दाईचे पैसे तासाप्रमाणे वेगळे लागतात, आणि ती आधी सांगून ठेवावी लागते.

सात वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा. काही रँचवर मुलं आठवडाभर मुलांच्याच गटात स्वारी करतात आणि आईबाबांबरोबरची स्वारी एखाद-दोनदाच होते. काही ठिकाणी हे उलट असतं. तुम्हाला काय हवं ते आधी ठरवा, नाहीतर लेक घोडा कशी हाकते हे तुम्हाला फोटोतच दिसेल.

दर माणशी आठवड्याला साधारण दोन ते चार हजार डॉलर पडतात, नावाजलेल्या ठिकाणी त्याहूनही जास्त. धाकटं दोन वर्षांचं असेल, दाई नसेल आणि दोघांपैकी एकाने रोज केबिनमध्येच बसायचं असेल, तर इतके पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा कोलोरॅडोत ग्रॅनबीजवळ वायएमसीएची ‘स्नो माउंटन रँच’ आहे. तिथे स्वयंपाकघर असलेली केबिन मिळते आणि घोड्याचे पैसे बसलात तेवढेच द्यायचे. पूर्ण रँचचा थाट तिथे नाही, पण या वयात तो लागतही नाही.

जुलैचे आठवडे हिवाळ्यातच भरतात. मुलांचे गट जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतात. सप्टेंबरचा दर कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तेव्हा बऱ्याच रँच फक्त मोठ्यांना घेतात.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले आजी-आजोबा बरोबर आहेत. उंचीचा त्रास कितपत होतो? – फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. कोलोरॅडोतलं डेन्व्हर ५,२८० फूट, एस्टेस पार्क ७,५२२, ग्रॅनबी जवळजवळ ८,०००, आणि त्या भागातल्या काही रँच याहूनही वर. समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन त्याच दिवशी तिथे झोपलं, तर मोठ्यांचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. दोन वर्षांच्या मुलीला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ती किरकिर करते, खात नाही, खेळत नाही, रात्री उठून रडते, एखादी उलटी होते. आईबाप समजतात, जागा बदलल्यामुळे असेल. पोचल्यावर पहिल्या दीड दिवसात हे दिसलं तर आधी उंचीचाच संशय घ्या.

उपाय साधा आहे : शनिवारी डेन्व्हरला या, एक रात्र तिथे काढा, रविवारी दुपारी वर जा. पहिल्या दिवशी धावपळ नको. पाणी, सरबत, पातळ खाणं थोडं थोडं चालू ठेवा. सौम्य त्रास एक-दोन दिवसांत बसतो. पण स्वस्थ बसलेली असतानाही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडलं असेल किंवा तोल जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाला, किंवा छातीत कफ आणि सर्दी भरलेली असताना कुठल्याच मुलाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर नेऊ नये. आजी-आजोबांना रक्तदाब, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर त्यांच्या डॉक्टरांशीही निघण्यापूर्वीच बोला.

रस्त्याचंही लक्षात असू द्या. डेन्व्हरहून ग्रॅनबीला जाताना ११,३०७ फुटांचा बर्थूड पास ओलांडावा लागतो, आणि ती वळणं आपल्या घाटासारखीच पोट ढवळतात. रँचची गाडी न्यायला येणार असेल तर मुलाची कारसीट बहुधा तुम्हालाच आणावी लागते.

उंची नकोच असेल तर कोलोरॅडो सोडा. वायोमिंगमधलं शेरिडन चार हजार फुटांच्या आतच आहे आणि मोंटानातलं बोझमन पाच हजारांच्या आत. त्यांच्या आसपास पायथ्याशी असलेल्या रँचची उंची विचारून घ्या. दोन वर्षांच्या मुलीसाठी आम्ही तिकडेच बोट दाखवू.

प्रश्न : नातू माथेरानला घोड्यावर बसला आहे, अजिबात घाबरत नाही. मग एवढी तयारी कशाला? – एडिसन, न्यू जर्सी

माथेरानला घोडेवाला लगाम धरून चालतो, मूल नुसतं बसतं. रँचवर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात लगाम देतात. थांबवायचं, वळवायचं, पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर राखायचं, हे सगळं त्यानेच करायचं. न घाबरणारं मूल इथे जास्त जोखमीचं, कारण ते मागून धावत जाऊन घोड्याच्या मांडीवर थाप मारतं. घोड्याला थेट शेपटीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. खाऊ द्यायचा तर रँग्लरने ‘हो’ म्हटल्यावर, तळहात सपाट ठेवून. हे घरी खुर्ची मांडूनसुद्धा शिकवता येतं.

फॉर्मवर वजन, उंची आणि अनुभव खरा लिहा. त्यावरूनच घोडा ठरतो आणि बहुतेक ठिकाणी तोच आठवडाभर असतो. ‘येतं त्याला’ असं लिहिलं की चपळ घोडा वाट्याला येतो आणि सोमवारीच रडारड होते. मोठ्यांसाठी वजनाची मर्यादा असते, साधारण २०० ते २५० पौंड. ती तिथे जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. आत ‘एएसटीएम एफ११६३’ (घोडेस्वारीच्या हेल्मेटचं सुरक्षा-मानक) आणि ‘एसईआय’ (तपासणारी संस्था) असा शिक्का असतो. सायकलच्या हेल्मेटला वेगळ्या मापाने तपासलेलं असतं, ते इथे चालवू नका. रँचवर हेल्मेट मिळतात, पण चार वर्षांच्या डोक्याच्या मापाचं शिल्लक असेलच असं नाही. डोकं हलवल्यावर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच गोल फिरत असेल तर ते मोठं आहे. मुलीची वेणी मानेवर खाली घाला. वर बांधलेला अंबाडा हेल्मेट उचलून धरतो.

पायात सुमारे एक इंच टाचेचा, गुळगुळीत तळव्याचा बूट हवा. टाचेमुळे पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कड्यातून) आरपार जात नाही, आणि पडताना पाय अडकून फरफट होणं हाच खरा धोका असतो. जाड खाचांचे ट्रेकिंगचे बूट रिकिबीत अडकतात. क्रॉक्स, सँडल घालून तर घोड्यांच्या कुंपणातही जाऊ देत नाहीत. जीन्सच्या आत पातळ लेगिंग घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी मांड्या आणि गुडघ्यांच्या आतली बाजू सोललेली असते आणि उरलेला आठवडा मूल घोड्याकडे फिरकत नाही.

रिकिबीची लांबी बसण्यापूर्वी अंदाजाने कळते : मुलाने बोटांची टोकं खोगिराला जिथे रिकिबीचा पट्टा सुरू होतो तिथे टेकवायची, रिकीब काखेपर्यंत आली की बरोबर. तंग (खोगीर बांधायचा पोटपट्टा) कसताना घोडा पोट फुगवतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तो पुन्हा कसतात. रँग्लरने तसं केलं नाही तर विचारायला संकोचू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. मुलं उपाशी राहतील का? – नेपरव्हिल, इलिनॉय

उपाशी नाही, पण चार दिवसांत कंटाळतील. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच कळवू नका, काय चालत नाही ते एकेक लिहा. घेवड्याच्या उसळीत बेकन असतं, सुपाला कोंबडीचं किंवा बीफचं पाणी वापरलेलं असतं, कॉर्नब्रेडमध्ये अंडं आणि कधी चरबीही असते. शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते बहुधा डुकराचं. शाकाहारी मार्शमेलोची पिशवी घरून न्या आणि सांभाळणाऱ्यांच्या हातात द्या, म्हणजे ऐन शेकोटीपाशी मुलांना ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

रँचच्या स्वयंपाकघरात साधा भात आणि दही आदल्या दिवशी सांगितलं की सहसा मिळतं. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, थेपले तुम्ही न्या. केबिनमध्ये फ्रिज आहे का ते विचारा. स्वयंपाकघर असलेली केबिन घेतली असेल तर छोटा कुकर न्याच. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटूनही बोटचेपी होत नाही. कुकरलाही नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात. अन्न केबिनच्या ओसरीवर किंवा गाडीत ठेवू नका, वासाने अस्वल येतं.

प्रश्न : कपडे किती न्यायचे? जुलैत तर ऊन असेल. – ऑस्टिन, टेक्सस

दुपारी ऊन, पहाटे चाळीस फॅरनहाइट किंवा त्याहूनही खाली. फ्लीस, कानटोपी आणि पावसाचं जाकीट जुलैतही हवं. जुलै-ऑगस्टमध्ये कोलोरॅडोत दुपारी विजांचा पाऊस ठरलेला, म्हणून लांबच्या स्वारी सकाळीच असतात. दुपारच्या पावसात रँग्लर मुलांना घोड्यावरून उतरवून परत आणतात, त्यावर वाद घालू नये. उन्हातली अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे गारव्यातही कान, मान आणि हातांच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन लावा.

प्रश्न : गोचिडी, उंदीर, जनावरं यांची भीती वाटते. – बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स

तुमच्याकडची लाइम रोगाची गोचीड कोलोरॅडोच्या डोंगरात नाही. तिथली वेगळी आहे, तिच्यापासून कोलोरॅडो टिक फीव्हर होतो आणि तिचा जोर वसंतापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो. रोज अंघोळीच्या वेळी केसांची मुळं, कानांमागे, काखा आणि चड्डीच्या इलास्टिकखाली तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तूप, काडेपेटी वगैरे प्रयोग नकोत.

केबिनमध्ये उंदराच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका. त्या धुळीतून हंटाव्हायरस हा फुप्फुसांचा गंभीर आजार करणारा विषाणू श्वासात जाऊ शकतो. मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि ऑफिसात कळवा, ते ओलं करून पुसतील. मूस हे भलंमोठं हरीण गाईसारखं गरीब दिसतं आणि अस्वलाहून लवकर अंगावर येतं. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाचा नियम त्याच्यापासून १२० फूट लांब राहण्याचा आहे, तोच रँचवरही पाळा.

प्रश्न : सही करायच्या कागदात ‘मृत्यू’ हा शब्द आहे. सही करावी का? – सॅन होजे, कॅलिफोर्निया

सही केल्याशिवाय घोडा मिळणार नाही. कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे घोडेस्वारीतल्या अंगभूत धोक्यांपासून झालेल्या इजेची जबाबदारी व्यावसायिकावर येत नाही, आणि तशी पाटी तबेल्यावरही लावलेली असते. पण तुटका तंग किंवा चुकीचा घोडा देणं हे त्यात येतंच असं नाही. कागद बुकिंगच्या वेळीच मागवून वाचा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या प्रवासविम्यात घोडेस्वारी साहसी खेळांत घालून वगळलेली असू शकते, ती ओळ शोधा. सगळ्यात जवळचं इस्पितळ किती मिनिटांवर आहे आणि फोनला रेंज कुठे येते, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. दमा असलेल्या मुलाचा पंप मुलांच्या गटातल्या माणसाकडे द्या, केबिनमध्ये नको, कारण गवत आणि घोड्याच्या केसांचा त्रास तबेल्यातच होणार.

प्रश्न : टिप किती? – सिएटल, वॉशिंग्टन

एकूण बिलाच्या १५ ते २० टक्के धरून चाला, आणि ती दरात आधीच धरलेली नाही ना ते पाहा. कर वेगळा. रक्कम बहुधा सगळ्या कामगारांत वाटली जाते, पण मुलं सांभाळणाऱ्यांना त्यात वाटा आहे का ते ऑफिसात विचारा. नसेल तर त्यांचं पाकीट शुक्रवारी रात्रीच द्या. शनिवारी न्याहारीनंतर सगळे पुढच्या पाहुण्यांसाठी केबिन आवरायला गेलेले असतात.