शेतातली मोटर नागपुरातून चालू-बंद करायची आणि जमिनीचा ओलावाही बघायचा; राउटरवर पोर्ट उघडून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काटोलजवळ संत्र्याचा बगीचा, राहणं नागपुरात, विहिरीवर ५ एचपीची थ्री-फेज मोटर. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि चार रिलेंचं (हुकमावर चालणाऱ्या स्विचांचं) बोर्ड घेऊन झालंय. शेतात सिमवाला राउटर आहे, आणि त्यावर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून फोनवरून थेट बोर्डाच्या पानावर जायचा बेत आहे.

पोर्टाचं आधी सांगतो. भागणार नाही. सिमवर मिळणारा आयपी पत्ता बहुधा तुमच्या एकट्याचा नसतोच. राउटरच्या स्टेटस पानावर बघा. तो पत्ता १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल, तर तो कंपनीच्या आतल्या जाळ्यातला आहे. बाहेरून तिथवर कोणी पोचत नाही, पोर्ट कितीही उघडा. आणि पोचता आलं असतं तरी मी नको म्हटलं असतं. या तयार बोर्डांच्या वेबपानाला पासवर्ड असलाच तर तो बहुधा ‘अ‍ॅडमिन’ असतो. कारखान्यांत यंत्रं एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात तो मॉडबस १९७९ चा, त्याच्या मूळ रचनेत तर पासवर्ड हा प्रकारच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच.

म्हणून उलटं करायचं. शेतातल्या बोर्डानेच बाहेर यायचं. यासाठी एमक्यूटीटी वापरा, म्हणजे यंत्रांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवण्यासाठी ते बनवलं. लिंक महाग, तीही तुटणारी, आणि डेटा चिमूटभर. आपल्या शेतातल्या सिमची तऱ्हा वेगळी काय आहे? मध्ये एक ब्रोकर, म्हणजे संदेश पोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, बसतो (मी मॉस्किटो नावाचा वापरतो, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर). बोर्डही त्याच्याकडे जातं, फोनही त्याच्याकडे जातो. १८८३ ऐवजी ८८८३ चं एन्क्रिप्टेड पोर्ट ठेवा आणि प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड द्या. सर्व्हरचं हे काम एका संध्याकाळी उरकतं.

खरी गोम पुढे आहे, आणि ती मी स्वतः शेण खाऊन शिकलोय.

माझा बगीचा कळमेश्वरच्या पुढे. आंबिया बहाराचा ताण चालू होता (फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडतात तो), डिसेंबर. फवारणीची टाकी भरायला मी मोटर चालू केली, टाकी भरल्यावर फोनवरून बंद केली आणि घरी आलो. सकाळी सालदाराचा फोन. ‘भाऊ, रातच्यान पानी कोनं सोडलं? सारा गारा झाला ना!’ मी म्हटलं, काल तर बंद केली होती. अ‍ॅपमध्येही बंदच दिसत होती.

झालं असं होतं. एमक्यूटीटीत संदेशाला ‘रिटेन’ नावाची खूण लावता येते. मग ब्रोकर तो शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देतो. माझ्या अ‍ॅपमधल्या ‘चालू’ बटणाला ती खूण होती, ‘बंद’ बटणाला लावायची राहून गेली. मोटर बंद झाली खरी, पण ब्रोकरच्या खिशात ‘चालू’ तसंच पडून राहिलं. रात्री लाइन गेली, दोनच्या सुमारास आली, बोर्ड जागं झालं, ब्रोकरला भेटलं आणि ‘चालू’ घेऊन आलं. ज्या दोन प्लॉटचे व्हॉल्व्ह उघडे होते तिथे पहाटेपर्यंत ठिबक चालत राहिलं. ताण तुटला. त्या झाडांवर फुलाऐवजी नवती, म्हणजे नुसती कोवळी पालवी, निघाली. वर्षाचा बहार एका टिकमार्कपायी गेला, कोणाला दोष देणार?

त्या दिवसापासून माझे दोन नियम आहेत. हुकमाला रिटेन कधीच लावायचं नाही. मोटर चालू आहे की बंद, ही जी स्थिती बोर्ड कळवतं, तिलाच ती खूण लावायची. (जुनं काही अडकलं असेल तर त्याच विषयावर (संदेश ज्या नावाने जातो त्या टॉपिकवर) रिटेन लावून रिकामा संदेश पाठवा, निघून जातं.) दुसरा नियम, ‘चालू’ असा हुकूमच नको. ‘४० मिनिटं चालू’ असा द्या. चाळीस मिनिटं बोर्ड स्वतः मोजेल, मध्ये नेट गेलं तरी मोटर आपोआप बंद पडेल. यासाठी बोर्डाला घड्याळाचीही गरज नाही, आतला मिलिसेकंदांचा मोजणारा पुरतो.

आता तुमच्या रिलेकडे या. त्या निळ्या डबीवर काय छापलंय ते वाचा: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. मोटरची वायर तिच्यातून न्यायची नाही हे तुम्हाला माहीत असेलच. पण अनेक जण स्टार्टरची कॉइल थेट तिच्यावर घेतात, आणि आपल्याकडच्या शेतीच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये ती कॉइल बरेचदा ४१५ व्होल्टची असते, म्हणजे दोन फेजमधली. २५० च्या रिलेवर ४१५ घातलं की आज ना उद्या कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि मग बंदचा हुकूम गेला तरी मोटर बंद होत नाही. मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर (रिलेचाच दणकट भाऊ) घ्या, नागपुरात बर्डीत कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल. त्याच्या कॉइलवर आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, नाहीतर कॉइल सुटताना ईएसपी रिसेट होतं आणि तुम्ही आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता.

वायरमनला सांगायचं ते असं. (कॉइल ४१५ ची असेल तर खाली ‘रिले’ म्हटलंय तिथे त्या रिलेने चालवलेला छोटा कॉन्टॅक्टर समजा.) एक रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर, त्याने फक्त सेकंदभर ‘दाबायचं’. दुसरा लाल बटणाच्या सिरीजमध्ये, नॉर्मली क्लोज्ड बाजूने. असं केलं की स्टार्टर स्वतःच्या जोरावर धरून राहतो, लाइन गेली की सुटतो आणि परत आली तरी आपणहून लागत नाही. मी त्या वेळी रिले सतत ओढून ठेवायचो, तीही चूकच होती. शेतातली हाताची बटणंही चालू राहिली पाहिजेत. सालदार काही तुमच्या अ‍ॅपची वाट बघत बसणार नाही. ‘ऑटो’ (लाइन आली की मोटर आपोआप लावणारा) बसवलेला असेल तर तो आधी काढा, नाहीतर दोघांची भांडणं लागतील.

रिले ओढला म्हणजे मोटर फिरली असं मात्र नव्हे. फेज गेला असेल, फ्यूज उडाला असेल, विहिरीत पाणीच नसेल. म्हणून एका फेजच्या वायरवर क्लिपवाला करंट सेन्सर लावा आणि अ‍ॅपमध्ये रिलेची नाही, करंटची स्थिती दाखवा. पाणी तुटलं की मोटर हलकी होते आणि करंट नेहमीपेक्षा खाली येतो. तो आकडा एकदा नोंदवून ठेवा आणि त्याखाली गेला की बोर्डानेच मोटर पाडावी. ईएसपी३२ वर हा सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनवर घ्या, दुसऱ्या गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

ओलाव्याचे सेन्सर. दोन चकचकीत दांड्यांचा जो स्वस्त मिळतो तो घेऊ नका, तो काही आठवड्यांत गंजतो. कपॅसिटिव्ह घ्या, वरच्या इलेक्ट्रॉनिक्सला आणि कडांना इपॉक्सी फासा. तरीही आपल्या काळ्या मातीत एक फसगत आहेच. माती सुकली की भेगा पडतात, सेन्सरच्या पातीभोवती बोटभर पोकळी तयार होते आणि तो मातीऐवजी हवा मोजू लागतो. एका मार्चमध्ये माझा आकडा एका दिवसात खाली कोसळला. मी पाणी सोडायला निघालो होतो, पण शेजारीच वीतभर उकरून मूठ दाबली तर लाडू वळत होता. आता मी त्याच मातीचा चिखल करून पाती त्यात बसवतो, दोन झाडांजवळ दोन सेन्सर ठेवतो आणि दोघांचं जमलं नाही तर माझ्या मुठीवर विश्वास ठेवतो. अ‍ॅनालॉग सेन्सरची वायर वीस मीटर ओढू नका, मोटर सुरू झाली की आकडे नाचतात. लांबचं असेल तर आरएस४८५ वाला (लांब वायरीवरही आकडे नीट पोचवणारा) घ्या.

तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर छान, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. पहिल्या आठवड्यात माझ्या जमिनीचं तापमान ८५ अंश दिसायचं. मी म्हटलं शेत आहे की भट्टी! ८५ हा त्याचा जागं होतानाचा ठरलेला आकडा आहे, मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं की तोच मिळतो. उणे १२७ दिसलं तर वायर सुटलीय. दोन्ही आकडे साठवायच्या आधीच गाळा.

डेटाची काळजी करू नका. दर दहा मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला १४४, वर्षाला ५२,५६०, काही एमबीच्या वर जात नाही. नेट नसेल तेव्हा बोर्डातच साठवा, आलं की पाठवा. त्यासाठी मात्र वेळ कळायला हवी, म्हणून बॅटरीवाली डीएस३२३१ घड्याळपट्टी लावा. बोर्डाला १२ व्होल्टची बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल द्या, लाइन गेल्याचंही तेच तुम्हाला कळवेल. डबा उन्हात पत्र्यावर ठोकू नका, मे महिन्यात त्यात पापड भाजून निघेल.

आणि डेटा नकोच असेल, फक्त मोटर चालू-बंद करायची असेल, तर हे सगळं सोडा आणि कॉल-एसएमएसवर चालणारा तयार मोबाइल स्टार्टर घ्या. मी दोन्ही केलंय, तेवढ्या कामाला तो स्वस्त पडतो.

बाकी, मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून स्टार्टरचं झाकण उघडा आणि कॉइलवर किती व्होल्ट छापलंय त्याचा फोटो इथे टाका. त्यावरून कॉन्टॅक्टर कुठला घ्यायचा ते सांगतो.