वीज वाहावी म्हणून कार्बन मिसळलेल्या पीएलएची (३डी प्रिंटिंगचं प्लास्टिक) दुमडलेली पट्टी गरम पाण्यात सरळ होते, पण १२ व्होल्ट दिले तर हलत नाही. कार्बन अजून वाढवू का?

नाही, कार्बन वाढवू नका. तुमची पट्टी गरम पाण्यात सरळ होतेय म्हणजे तिची मेमरी, म्हणजे मूळ आकारावर परत यायची क्षमता, शाबूत आहे, फक्त तिला पुरेशी उष्णता मिळत नाहीये. करंट स्वतः आकार वगैरे काही बदलत नाही, तो फक्त पट्टी तापवतो, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ झाला की आत अडकून पडलेला ताण सुटतो आणि पट्टी मूळ आकारावर येते. वायरमन लोक हीट श्रिंक ट्यूबला (तापवली की आकसून वायरवर घट्ट बसणारी नळी) लायटर दाखवतात ना, तोच प्रकार, फक्त इथे लायटरचं काम करंटने करायचंय.

आता हिशोब बघा. प्रिंट केलेल्या अशा पट्टीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ते मटेरियल विजेला किती अडवतं ते, साधारण ३० ओहम-सेंटीमीटर धरा (फिलामेंट म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, तिच्याप्रमाणे फरक पडतो, म्हणून पट्टीचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजाच). १० सेंमी लांब, १ सेंमी रुंद, १ मिमी जाड पट्टीच्या दोन टोकांना क्लिप लावल्या तर रेझिस्टन्स येतो ३००० ओहम, आणि १२ व्होल्टवर पॉवर जेमतेम ०.०५ वॅट, एवढ्याने ती कोमटसुद्धा होणार नाही. पण त्याच पट्टीच्या लांब कडांना दोन्ही बाजूंनी तार लावली तर करंटला १० सेंमीऐवजी १ सेंमीच जायचंय आणि रुंदी दहापट मिळाली, म्हणजे रेझिस्टन्स १०० पटीने कमी, ३० ओहम! मग १२ व्होल्टला जवळपास ५ वॅट होतात, ते उलट जास्त आहेत, पट्टी वितळल्यासारखी लोंबेल, म्हणून ५-६ व्होल्टपासून हळूहळू वाढवा.

मी आधी कॉपर टेप लावली होती, पट्टी मऊ झाली तरी टेपची घडी तिला उलगडूच देईना, मग फ्लेक्सिबल वायरमधली एकेक बारीक तार काढून सोल्डरिंग आयर्नने कडेत हलकेच रुतवली तेव्हा कुठे ती मिनिटभरात उघडली, आणि खरं सांगतो, इतका आनंद झाला की तीच पट्टी परत परत दुमडून बघत बसलो. त्याआधी मगर क्लिप वापरायचो तर फक्त क्लिपखालची जागा तापून चेपायची, कारण जिथे कॉन्टॅक्ट खराब तिथेच रेझिस्टन्स जास्त आणि तिथेच उष्णता.

कार्बनचं म्हणाल तर ओढ्यात दगड टाकून पलीकडे जातो तसं आहे ते, दगड लांब लांब असतील तर जाताच येत नाही आणि एका ठरावीक प्रमाणानंतर अचानक विजेला वाट तयार होते. त्यानंतर अजून ओतत राहिलात तर वीज थोडी बरी वाहील पण पट्टी ठिसूळ होईल, दुमडताना तुटेल. कार्बन ब्लॅकचे (काजळीसारखी कार्बनची पूड) कण गोल, म्हणून ते जास्त लागतात, नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) लांब असल्याने कमीत भागतं. २००५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये नॅनोट्यूब घालून ४० व्होल्टवर आकार परत आणून दाखवला होता.

अजून एक, ताणलं किंवा दुमडलं की कणांमधलं अंतर वाढतं आणि रेझिस्टन्स चढतो, म्हणून सरळ असताना एकदा आणि दुमडून थंड झाल्यावर एकदा असं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका, मग व्होल्टेज नक्की किती ते सांगतो. तोवर प्लीज घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला काहीही जोडू नका.